वाईट वाट आणि उघडा हात : जपानी माहजोंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रमी येते, माहजोंगचे नियम एकदा वाचलेत, दहा-बारा डाव खेळून झालेत आणि तरी हवी ती टाइल समोर पडूनसुद्धा 'रोन'चं (दुसऱ्याने टाकलेल्या टाइलवर जिंकण्याचं) बटण येत नाही, अशा मंडळींसाठी हे पान आहे. टाइल्सची ओळख इथे करून देत नाही. 136 टाइल्स, मान-पिन-सो हे तीन रंग, चार वारे, तीन ड्रॅगन आणि 'चार गट व एक जोडी' हे गणित तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

'वाट' म्हणजे काय आणि ती वाईट कधी?

एका टाइलने हात पुरा होणार असेल तर तुम्ही तेन्पाई. ज्या टाइलसाठी अडलंय ती तुमची वाट. जपानी लोक 'माची' म्हणतात, अर्थ तोच, वाट बघणं.

हातात 4-5 असतील तर 3 आली तरी चालते, 6 आली तरी चालते. ही र्‍यानमेन, दोन्ही बाजू उघडी. प्रत्येक टाइलच्या चार प्रती असतात, म्हणजे जास्तीत जास्त 8 टाइल्स तुमच्या कामाच्या. 4-6 धरून बसलात तर मधली 5 हवी. ही कान्चान, टाइल्स 4. 1-2 वर 3 साठी किंवा 8-9 वर 7 साठी अडलात तर पेन्चान, त्याही 4. दोन जोड्या आहेत आणि कुठल्याही एकीची तिकडी व्हायला हवी, ती शान्पोन. प्रत्येक जोडीच्या दोन-दोन प्रती बाहेर, म्हणून पुन्हा 4. आणि जोडीसाठीच अडला असाल तर तान्की, उरलेल्या 3.

वाईट वाट म्हणजे ही चार-तीनवाली मंडळी. त्यातही दोन टाइल्स आधीच नदीत पडलेल्या असतील (टाकलेल्या टाइल्सच्या ओळींना जपानीत 'कावा', म्हणजे नदीच म्हणतात) तर चारच्या दोन होतात. नवे खेळाडू हे मोजत नाहीत. तेन्पाई झालो या आनंदात नदीकडे बघायचंच राहून जातं.

मग कान्चानवर रीची (काठी ठेवून तेन्पाई जाहीर करणं) लावायचीच नाही का?

लावायची. बरेचदा लावायची. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, कारण 'आधी वाट सुधारा' हा सल्ला सगळीकडे मिळतो.

हात बंद आहे (दुसऱ्याची एकही टाइल उचललेली नाही) पण याकू (जिंकायला लागणारी ठराविक रचना किंवा अट) एकही नाही, अशा वेळी गप्प बसलात तर दुसऱ्याने टाकलेल्या टाइलवर तुम्हाला जिंकताच येत नाही. स्वतः उचललीत तरच जिंकाल. रीची लावली की रीची हाच याकू, त्यामुळे बाकी तिघांच्या टाइल्सही तुमच्या. शिवाय रीचीची काठी टेबलावर आली की समोरचे घाबरतात, आपले चांगले हात मोडून सुरक्षित टाइल्स टाकू लागतात. हा धाक 1000 गुणांच्या त्या काठीपेक्षा मोलाचा असतो.

आता पैशांचं बोलू, म्हणजे गुणांचं. नुसती रीची, कान्चानची वाट, रोन: फू (हाताच्या घडणीचे छोटे गुण) 20, बंद हाताच्या रोनचे 10, कान्चानचे 2, मिळून 32, ते वर ओढून 40. डीलर नसाल तर 1300. एक दोरा (हाताची किंमत वाढवणारी बोनस टाइल) असेल तर 2600, दोन असतील तर 5200. म्हणजे पाचव्या-सहाव्या फेरीत एक-दोन दोरा असलेली कान्चान आली आणि अजून कोणी रीची लावलेली नाही, तर मी विचार करत नाही, काठी ठेवते.

थांबायचं कधी? हात 1300 चा आहे आणि समोर कोणीतरी आधीच रीची लावून बसलंय, तेव्हा. तुमच्याकडे चार टाइल्सची आशा, त्याच्याकडे बहुधा आठची. तुम्ही हरलात तर त्याचे दोरा आणि उरादोरा (रीची लावून जिंकणाऱ्यालाच मिळणारे लपलेले दोरा) धरून कितीही जातील आणि जिंकलात तर 1300 मिळतील. हा व्यवहार कुठल्याही वाण्याला विचारा, तो नको म्हणेल. दुसरी वेळ, वाट सहज सुधारण्यासारखी असेल तेव्हा. 4-6 ला 3 किंवा 7 आली की र्‍यानमेन होते, डाव नुकताच सुरू झालाय, तर एक-दोन फेऱ्या थांबायला हरकत नाही. 1-2 ची पेन्चान मात्र अशी सुधारत नाही. तिला आधी 4 येऊन 2-4 व्हावं लागतं, मग 5 येऊन 4-5. तेवढ्यात डाव संपतो.

रमी खेळणाऱ्यांचं नेमकं कुठे अडतं?

उचलण्यात. रमीत आधीच्या भिडूने टाकलेलं पान उचललं की ते तुमच्या हातातल्या पानांत जाऊन मिसळतं. काय उचललं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण उद्या बेत बदलला तर तुम्ही ते टाकू शकता. इथे दुसऱ्याच्या टाइलवर ची (ओळ), पोन (तिकडी) किंवा कान (चौकडी) म्हणालात की तो गट टेबलाच्या कोपऱ्यात सगळ्यांसमोर उघडा पडतो आणि डाव संपेपर्यंत तिथेच राहतो. तो मोडता येत नाही, बदलता येत नाही, अडचणीत टाकताही येत नाही.

एक गोष्ट मात्र रमीवाल्यांना लगेच कळते. प्युअर सिक्वेन्स नसताना डिक्लेअर केलं तर काय होतं ते त्यांनी भोगलेलं असतं. याकूचं तसंच आहे. चार गट आणि जोडी जमली, पण याकू नाही, तर हात पुरा नाही.

पोन-ची केल्यावर नक्की काय जातं?

रीची जाते, म्हणजे तिच्याबरोबरचे इप्पात्सु (रीचीनंतर पहिल्याच फेरीत जिंकण्याचं बक्षीस) आणि उरादोराही जातात. पिन्फू आणि ईपेइको हे याकू जातात, बंद हाताने स्वतः उचलून जिंकण्याचा त्सुमोचा हान (याकूची किंमत मोजण्याचं माप) जातो. काही याकू टिकतात पण एक हान गमावतात: सान्शोकु आणि इत्सू दोनचे एक, होनित्सू तीनचे दोन, चिनित्सू सहाचे पाच, चान्ता दोनचा एक, जुन्चान तीनचे दोन. तोइतोइ, सान्आन्को आणि याकुहाई (ड्रॅगन, फेरीचा वारा, स्वतःचा वारा) यांना उघडण्याने काही होत नाही. तान्याओचं (एक, नऊ, वारे, ड्रॅगन काहीच नसलेला हात) नियमांवर अवलंबून आहे. 'कुइतान', म्हणजे उघड्या हाताने तान्याओ, चालते का, हे बसायच्या आधी विचारून घ्या. ऑनलाइन बहुतेक ठिकाणी चालते.

एकच हात दोन्ही प्रकारे मोजून दाखवते. बंद हात, रीची, तान्याओ, पिन्फू, रोन: 3900. त्याच टाइल्स, पण मध्ये एकदा ची केलं: रीची गेली, पिन्फू गेला, उरला तान्याओ, 1000. एका 'ची'ची किंमत 2900. ती कधी द्यावी लागते, कधी हौसेने दिली जाते.

मला हवी ती टाइल पडली तरी 'रोन' का येत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा निवांत सांगते. कारणं दोनच: याकू नाही, किंवा फुरितेन.

याकूचा धडा मला तोक्योत मिळाला. जपानात 'केन्को माहजोंग' नावाचा प्रकार आहे, केन्को म्हणजे आरोग्य. पैसे लावायचे नाहीत, दारू प्यायची नाही, सिगारेट ओढायची नाही, हे तीन नियम. बहुतेक सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा. अशा एका वर्गात मी चौथी भिडू म्हणून बसले होते. मी तीन-चार-पाच पिन ची केलं होतं, सहा सोचं पोन केलं होतं. हातात सात टाइल्स: दोन-तीन मान, सहा-सात-आठ मान आणि आठ पिनची जोडी. वाट एक किंवा चार मान. र्‍यानमेन! चांगली वाट! उजवीकडच्या आजींनी एक मान टाकला आणि मी टाइल्स आडव्या करून मोठ्याने 'रोन' म्हणाले.

आजींनी माझा हात नीट पाहिला, चष्मा वर केला आणि अगदी मृदू आवाजात विचारलं, "याकू वा?" याकू कुठाय?

माझा बेत तान्याओचा होता. तान्याओत एक आणि नऊ चालत नाहीत. चार मान आला असता तर तान्याओ, एक मानवर काहीच नाही. जपानीत याला 'काता-आगारी' म्हणतात, एका बाजूनेच जिंकता येणारा हात. कागदावर आठ टाइल्सची वाट, खरी चारचीच. मी चोम्बो, म्हणजे दंड पडणारी चूक, केला होता आणि तिथल्या नियमाने मांगानचा (मोठ्या हाताच्या ठरलेल्या गुणांचा) उलटा दंड पडला: डीलरला 4000, बाकी दोघांना 2000-2000. आजींनी माझ्याच डब्यातून काठ्या मोजून घेतल्या, कारण मला अजून कुठली काठी किती गुणांची ते पाठ नव्हतं.

ऑनलाइन हा दंड पडत नाही, बटणच येत नाही. त्यामुळे कित्येक जण महिनोन् महिने खेळतात आणि आपला हात मुळात जिंकण्याजोगा नव्हता हे त्यांना कळतच नाही.

आणि फुरितेन?

तुमच्या वाटेतली कुठलीही टाइल तुम्ही स्वतः आधी टाकलेली असेल तर तुम्हाला दुसऱ्याच्या टाइलवर जिंकता येत नाही. 'कुठलीही' हा शब्द महत्त्वाचा. वर सांगितलेल्या हातात मी सुरुवातीला एक मान टाकला असता, तर चार मानवरसुद्धा रोन करता आलं नसतं, जरी एक मान माझ्या काही कामाचा नव्हता.

तात्पुरतं फुरितेनही असतं. वाटेतली टाइल पडली आणि तुम्ही सोडली, तर तुमची पुढची पाळी येईपर्यंत रोन बंद. याकू नसल्यामुळे सोडावी लागली असली तरी बंद. रीची लावल्यानंतर सोडलीत तर डाव संपेपर्यंत बंद. स्वतः उचलून जिंकायला मात्र फुरितेनची आडकाठी नाही.

ची फक्त डावीकडच्याकडूनच का करता येतं?

डावीकडचा भिडू तुमच्या आधी खेळतो, म्हणून. पोन आणि कान कोणाकडूनही. एकाच टाइलवर एकाने ची आणि दुसऱ्याने पोन म्हटलं तर पोनवाला जिंकतो, आणि रोन या दोघांच्याही वर. 4-5 वर 3 उचलून लगेच तीच 3 किंवा 6 टाकणं याला 'कुइकाए' म्हणतात. बहुतेक ठिकाणी मनाई आहे.

मग उचलावं कधी?

माझी पद्धत साधी आहे. तोंड उघडण्याआधी मनात एकच प्रश्न: कुठल्या याकूवर जिंकणार? नाव घेता आलं नाही तर टाइल जाऊ द्यायची. 'बघू पुढे, काहीतरी जमेल' हे उत्तर धरत नाही.

ड्रॅगनची जोडी असेल आणि हातात दोन दोरा असतील तर पहिल्याच हाकेला पोन. याकूची चिंता मिटली, 3 हान झाले, 30 फूला 3900, डीलर असाल तर 5800. एकाच रंगाच्या नऊ-दहा टाइल्स दिसल्या तर होनित्सूसाठी (एकच रंग, सोबत वारे-ड्रॅगन) उचलायला मी कचरत नाही, त्यात ड्रॅगन असला तर उघड्यावरही 3 हान होतात. तान्याओसाठी उचलायचं तर दोन गोष्टी बघते: दोरा आहे का, आणि उरलेले अर्धवट गट दोन ते आठच्या आतच पुरे होतात का. 2-3 आणि 7-8 असे दोन तुकडे असतील तर एक आणि नऊ दोन्हीकडून फजिती.

कुठले तुकडे उचलून पुरे करायचे यालाही डोकं लागतं. वाईट तुकडे आधी उचलावेत, चांगले हातात ठेवावेत. 4-6 ला 5 मिळत असेल तर उचलणं समजू शकतं, कारण ती चारच टाइल्सची जागा आहे. 4-5 ला 3 मिळतेय म्हणून उचललं आणि शेवटी वाट 7-9 वर अडली, तर वेग कमावला आणि तो वाईट वाटेत घालवला. नवख्यांची ही सर्वांत नेहमीची चूक. टाइल समोर पडली की बटण चमकतं, बटण चमकलं की बोट जातं. बऱ्याच ॲप्समध्ये ची-पोनची विचारणा बंद करायची सोय असते. आठवडाभर बंद ठेवून बघा, बंद हात कसे वाढतात ते दिसेल.

तीन गट उघडे आहेत आणि समोरच्याने रीची लावली. आता?

आता तुमच्या हातात फक्त चार टाइल्स आहेत. उघडण्याची खरी किंमत इथे चुकती करावी लागते. हान जातात ते गुणपत्रिकेवर दिसतं, पळायची जागा जाते ते दिसत नाही. बंद हातात तेरा टाइल्स असतात, त्यात दोन-तीन तरी सुरक्षित निघतात. चारमध्ये बहुधा एकही नसते.

सुरक्षित म्हणजे सर्वप्रथम गेन्बुत्सु: रीचीवाल्याने स्वतः टाकलेली टाइल, किंवा त्याने रीची लावल्यानंतर कोणीही टाकलेली आणि त्याने न घेतलेली. फुरितेनमुळे त्या टाइलवर तो रोन करूच शकत नाही. ती नसेल तर ज्याच्या तीन प्रती दिसून गेल्यात असा वारा किंवा ड्रॅगन. मग काबे, म्हणजे भिंत: 7 च्या चारही प्रती दिसल्या असतील तर 8 वर र्‍यानमेन होऊ शकत नाही, कारण त्यासाठी 6-7 हवेत. मग सुजी.

हात 1000 चा असेल तर या क्षणी तो सोडून द्या. मांगानचा असेल आणि वाट बरी असेल तर पुढे रेटा. मधलं काही करणं, म्हणजे एक टाइल धोक्याची, एक सुरक्षित, पुन्हा एक धोक्याची, यातून बहुधा दोन्हीकडचं नुकसान होतं.

सुजी सुरक्षित असते ना?

काही अंशी. 1-4-7, 2-5-8, 3-6-9 या साखळ्या. त्याने 5 टाकली असेल तर 6-7 ची र्‍यानमेन त्याच्याकडे असू शकत नाही, कारण 5 वर फुरितेन झाला असता, म्हणून 8 त्या वाटेपासून सुरक्षित. पण सुजी फक्त र्‍यानमेनपासून वाचवते. कान्चान, पेन्चान, शान्पोन, तान्की, कोणालाच सुजीची पर्वा नाही.

आणि इथेच वाईट वाट चांगली होते. समजा हातात 5-7-9 आहेत. 5 टाकून रीची लावली, वाट 8 ची, कान्चान. समोरचे बघतात, 5 पडलीय, म्हणजे 8 सुजी, आणि निर्धास्तपणे टाकतात. या सापळ्याला 'हिक्काके' म्हणतात. म्हणून रीची लावताना जी टाइल आडवी ठेवली जाते, तिच्या सुजीवर मी कमी विश्वास ठेवते.

वाऱ्याच्या तान्कीवर कोणी रीची लावतं का?

चीतोइत्सू, म्हणजे सात जोड्यांच्या हातात, हमखास. त्याची वाट नेहमी तान्कीच असते. मोजायला 3 टाइल्स, पण कोणाच्याच कामाचा नसलेला वारा लोक पटकन टाकतात, त्यामुळे मधल्या 5 पेक्षा तो बाहेर येण्याची आशा जास्त. दोन प्रती आधीच पडल्या असतील तर उरते एक. याला 'जिगोकु', नरकाची वाट म्हणतात. ती आणखी सुरक्षित दिसते, म्हणून आणखी निष्काळजीपणे टाकली जाते.

कान करावं का?

चार सारख्या जमल्या की नव्या खेळाडूचा हात थरथरतो. दुसऱ्याच्या टाइलवर केलेलं कान हात उघडतं आणि वर नवा दोरा दाखवतं, जो चौघांनाही मिळतो. समोर रीची लागलेली असेल तर तुम्ही त्याला फुकट दोरा आणि उरादोरा दोन्ही देऊ करता. मी वर्षातून दोन-तीनदा करते आणि त्यातल्या निम्म्या वेळा पस्तावते.

याकू नसताना तेन्पाई धरण्यात काही अर्थ असतो?

असतो. टाइल्स संपून डाव बरोबरीत गेला तर तेन्पाई नसलेले तेन्पाईवाल्यांना मिळून 3000 देतात. एकटेच तेन्पाई असाल तर पूर्ण 3000 तुमचे. दोघे असाल तर 1500-1500. तिघे असाल तर 1000-1000. याकू असण्याची अट नाही. शेवटच्या तीन-चार टाइल्स उरल्या आणि जिंकायची आशा नाही, तेव्हा केवळ यासाठी ची करणं शहाणपणाचं. त्यासाठी धोक्याची टाइल टाकावी लागत असेल तर मात्र हिशेब करा.

शेवटच्या डावातही 1000 चा हात टाकून द्यायचा का?

अजिबात नाही, तिथे वरचं अर्धं पान उलटं होतं. तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात आणि पहिल्यापासून 900 ने मागे. कोणाकडूनही 1000 मिळाले की तुम्ही पहिले. अशा वेळी ड्रॅगनचं पोन करा, पेन्चानसुद्धा ची करून भरा, वाट कितीही वाईट असू द्या. 9000 ने मागे असाल तर तोच 1000 चा हात जिंकणं म्हणजे आपल्या हाताने दुसरा क्रमांक पक्का करणं. तिसऱ्याची भीती असेल तर तेही करावं लागतं.

'हदाका तान्की' म्हणजे काय?

चारही गट उघडे आणि हातात एकच टाइल. हदाका म्हणजे उघडा-नागडा. बहुतेक वेळा तोइतोइच्या (चारही गट तिकड्यांचे) नादात होतं. त्या वर्गातल्या एका आजोबांना हे फार आवडायचं. एकुलती एक टाइल पालथी ठेवून त्यावर तर्जनी ठेवायचे आणि प्रत्येक पाळीला नवी टाइल उचलून, दोन्हींकडे बघून, एक टाकायचे. ते तेन्पाई आहेत हे सगळ्यांना दिसत असल्यामुळे त्यांना हवी ती टाइल सहसा कोणी टाकायचं नाही. पण दर पाळीला वाट बदलता येते, असं ते म्हणायचे, आणि खरंच, मी टाकलेल्या पेइवर, उत्तरेच्या वाऱ्यावर, त्यांनी एकदा रोन केलं. तो वारा त्यांनी त्याच पाळीला उचलून ठेवला होता.